अनुभव धागा: ॲपवर गाडी चालवताना मालक कोण आणि जबाबदार कोण?

ॲपवर प्रवासी गाडी चालवणारे, पूर्वी चालवलेले आणि ज्यांच्या घरात कोणी चालवतं अशा सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. करारात आपण स्वतंत्र व्यावसायिक. भाडं कंपनी ठरवते, प्रवासी कंपनी देते, आयडी (म्हणजे ॲपवरचं चालकाचं खातं) बंद करायची तर तीही कंपनीच करते. अपघात किंवा आजारपण आलं की मात्र आपण एकदम स्वतंत्र होतो. हे असं तुमच्या बाबतीत नेमकं कधी आणि कसं घडलं ते लिहा. कायद्याची माहिती असेल तर जरूर द्या, पण आधी स्वतःवर गुदरलेलं सांगा. कंपनीचं, प्रवाशाचं नाव टाकू नका. आणि 'एवढा त्रास आहे तर दुसरी नोकरी बघा' हा सल्ला आम्हा सगळ्यांना फुकट मिळून झालेला आहे, तो इथे नको.

स्टेपनी

माझी आयडी सेल्फीनं गेली. लॉगिन करताना मधूनच ॲप चेहरा दाखवायला सांगतं, चालवणारा तोच आहे ना हे बघायला. पहाटेची वेळ, गाडीत आतला पिवळा दिवा, आदल्या दिवशी दाढी काढलेली. 'ओळख पटली नाही.' खाली उतरून खांबाच्या दिव्याखाली उभा राहिलो, पुन्हा काढला. पुन्हा तेच. मग स्क्रीनवर आलं की खातं कायमचं बंद केलंय आणि निर्णय अंतिम आहे.

सपोर्टच्या चॅटवर लिहिलं, तर उत्तरात तोच मजकूर चिकटवलेला. ओळखपत्र पाठवलं, लायसन्स पाठवलं, तरी तोच मजकूर. कंपनीच्या केंद्रावर गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, दादा, हे सिस्टीममधून होतं, माझ्या हातात काही नाही. त्याचंही खरं असावं. पण मग कोणाच्या हातात आहे? नोकरीवरून काढलं असतं तर पत्र तरी मिळालं असतं. मला कागदोपत्री ठेवलंच नव्हतं, त्यामुळे काढलंही नाही. गाडीचा हप्ता मात्र बँकेनं त्या महिन्यातही वेळेवर कापला.

पार्किंगलाईट

मी ब्रिटनमध्ये चालवतो. इथला निकाल बऱ्याच जणांनी ऐकला असेल, पण तो अर्धाच सांगितला जातो.

जेम्स फॅरर आणि यासीन अस्लम या दोन चालकांनी उबरविरुद्ध दावा लावला की आम्ही स्वतंत्र धंदेवाले नाही, तुमचे कामगार आहोत. २०१६ मध्ये ट्रायब्युनलमध्ये जिंकले आणि कंपनी अपिलात जात जात १९ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टात एकमतानं हरली. कोर्टानं कराराच्या भाषेपेक्षा प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं. भाडं कोण ठरवतं? अटी कोण घालतं? रिक्वेस्ट नाकारत गेलं तर काय होतं? तर ॲप काही वेळ लॉगआउट करून टाकायचं. रेटिंग घसरलं तर काय? काम जायचं. चालकाला कमाई वाढवायची तर एकच रस्ता, जास्त तास चालवणं. असला कसला धंदेवाला, असा साधारण सूर.

पण आम्ही नोकर ठरलो नाही. इथे कायद्यात नोकर आणि स्वयंरोजगार यांच्यामध्ये एक तिसरा वर्ग आहे, त्यात बसलो. किमान वेतन, पगारी रजा, विश्रांती मिळते. अन्यायानं काढून टाकल्याबद्दल दाद मागायचा हक्क त्या वर्गाला नाही. स्टेपनीदादा, म्हणजे तुमच्यासारखी आयडी गेली तर इथेही सोपं नाही.

आणि वेळेचं बघा. कोर्टानं म्हटलं होतं की परवान्याच्या भागात, ॲप चालू ठेवून, ट्रिप घ्यायला तयार बसलेला चालक कामावरच आहे. निकालानंतर कंपनीनं जाहीर केलं की किमान वेतन ट्रिप स्वीकारल्यापासून ड्रॉपपर्यंतच्या वेळेचं देणार. मधल्या वेळेचं काय? गाडीत बसून फोनकडे बघण्यात जो वेळ जातो तो घरी पोरांबरोबर गेलेला नसतो, एवढं तरी कंपनीला मान्य असावं. माझ्या आठवड्याच्या हिशोबात रजेच्या पैशांची वेगळी ओळ येते, ती बघून बरं वाटतं. ताटकळण्याची ओळ अजून यायची आहे.

घरचीगाडी

मी चालवत नाही, माझे मिस्टर चालवतात. लिहावं की नाही असं झालं होतं, पण पार्किंगलाईटदादांनी मधल्या वेळेचं काढलं म्हणून लिहिते.

ह्यांनी प्रवासी सोडला, ट्रिप बंद केली. पुढची रिक्वेस्ट आली नव्हती. सिग्नलला थांबलेले असताना मागून टेम्पो आदळला. मानेला मार लागला, बरेच दिवस पट्टा होता. कंपनीकडे विम्याचं विचारलं तर म्हणाले, त्या वेळी तुमची ट्रिप चालू नव्हती. ॲप चालू होतं, हे ऑनलाईन होते, पुढच्या प्रवाशाकडे जाणार होते. नाही, ट्रिप नव्हती. गाडीच्या विमावाल्यानं उलटं विचारलं: धंद्यासाठीच चालवत होतात ना? म्हणजे एकाच मिनिटाला एकाच्या मते ते कामावर नव्हते आणि दुसऱ्याच्या मते होते. दोन्हीकडून नकारच.

शेवटी टेम्पोच्या विम्यातून थोडं मिळालं, तेही रखडत. बुडालेल्या कमाईचं कोणी विचारलं नाही. माझं एवढंच सांगणं आहे: अपघात झाला आणि हात चालत असेल तर आधी ॲपच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, वेळ दिसेल असा. नंतर ती नोंद तुमच्या फोनवर सापडेलच असं नाही. विमा काढताना ट्रिप चालू असताना, ट्रिपला जाताना आणि रिक्वेस्टची वाट बघताना काय काय भरलं जाईल, हे तिन्ही वेगवेगळं विचारा. आणि लेखी घ्या.

न्यूट्रल

सगळ्यांचं वाचलं, वाईट वाटलं. तरीही वेगळं लिहिते. मला नोकरी नको आहे. सासूबाई अंथरुणावर आहेत. दुपारी त्यांना झोप लागली की गाडी काढते, शेजारच्या वहिनींचा फोन आला की ॲप बंद करून घरी. कुठला मालक हे चालवून घेईल? उद्या मला कर्मचारी केलं आणि सकाळी आठची ड्युटी लावली, तर पहिल्या दिवशीच मी बाहेर.

मला काय हवंय ते सांगते. ट्रिप स्वीकारायच्या आधी कुठे जायचंय आणि हातात किती येणार हे दिसू दे. पूर्ण मुक्कामाचं ठिकाण न दाखवता 'स्वीकारा' म्हणतात, नाही म्हटलं की ट्रिप स्वीकारण्याचा टक्का घसरतो, आणि वर म्हणतात तुम्ही स्वतंत्र.

काळाकोट

मी वकिली करतो, कामगारांच्या बाजूनं. न्यूट्रलताई, तुमची भीती खरी आहे पण ती कायद्यातून आलेली नाही. वेळ स्वतः ठरवणारा माणूस कर्मचारी असू शकत नाही, असं निदान मला माहीत असलेल्या कुठल्या कायद्यात नाही. कर्मचारी मानावं लागलं तर वेळापत्रक लावू, हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय असतो. तो ती घेऊही शकते, हेही तितकंच खरं.

बाकी देशोदेशी कसोट्या वेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियात डायनामेक्स या कुरिअर कंपनीच्या खटल्यातल्या २०१८ च्या निकालानं आणि मग २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानं सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर टाकलं. माणूस आमच्या नियंत्रणाबाहेर आहे, आमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं काम करतो आणि त्याचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय आहे, या तिन्ही गोष्टी दाखवा, नाहीतर तो तुमचा कर्मचारी. मधल्या अटीवर टॅक्सीची ॲपं अडकतात. प्रवासी नेणं हा आमचा धंदाच नव्हे, असं कोर्टात म्हणायला कंपनीचा वकीलही खाकरून घेत असेल. कंपन्यांनी यावर नोव्हेंबर २०२० मध्ये थेट जनमत घेतलं, प्रचारावर २० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि चालक पुन्हा स्वतंत्र ठरले. बदल्यात स्थानिक किमान वेतनाच्या १२० टक्के हमी मिळाली, पण ट्रिपवर असलेल्या वेळेपुरतीच. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये उलटं झालं, चार चालकांना सुप्रीम कोर्टानं कर्मचारी ठरवलं. धंदा तोच आणि ॲपही तेच.

माझ्याकडे येणारे चालक करार वाचून येत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तो फोनवर येतो, लांबलचक असतो, 'मान्य' दाबल्याशिवाय लॉगिन होत नाही. तरी वाद कुठे मिटवायचा हे कलम जरूर बघा. कॅनडातल्या हेलर खटल्यात चालकाला लवादाकडे जायचं तर आधी सुमारे १४,५०० अमेरिकी डॉलर भरायचे होते, आणि लवाद नेदरलँड्सच्या कायद्यानं. त्याची जवळपास वर्षभराची कमाई. २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं हे कलम अन्याय्य म्हणून उडवलं.

क्लचप्लेट

भारतातलं कोणी लिहिलं नाही म्हणून. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधली पाच वर्षं आम्ही नुसतं 'येणार येणार' ऐकलं. कंपनीनं वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांवर जायचं नाही. त्यातून विमा, आरोग्य वगैरे योजना. गंमत अशी की त्यात गिग कामगाराची, म्हणजे आपल्यासारख्या सुटं काम करणाऱ्याची, व्याख्याच पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचा अशी आहे. म्हणजे सुरक्षा देऊ, नातं विचारू नका. किमान वेतन, पगारी रजा यात नाही.

राज्यांत राजस्थाननं २०२३ मध्ये पहिला कायदा केला. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यातली एक गोष्ट मला जास्त कामाची वाटते: काम बंद करण्याआधी कारणासह १४ दिवसांची नोटीस. स्टेपनीदादांना हीच मिळाली असती तर कागद घेऊन उभं राहायला वेळ मिळाला असता.

मी ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद केली आहे. हातात अजून काही पडलेलं नाही, पण नोंदच नसेल तर उद्या योजना आली तरी तुम्ही त्यात नाही. स्वतः ऑनलाईन नोंद करायची तर मोबाईल आधारला जोडलेला लागतो, तिथेच बरेच लोक अडकतात.

मागचाआरसा

युरोपात आहे. आयडी बंद होण्यावर एक उपाय मी करून पाहिला. इथल्या डेटा कायद्याखाली कंपनीकडे स्वतःची सगळी माहिती मागता येते. मागितली. आधी एक गुळगुळीत पत्र आलं, चिकाटीनं पुन्हा लिहिल्यावर फाइल आली. रांगाच रांगा: कधी लॉगिन, कुठे थांबलो, कुठली ट्रिप कोणी रद्द केली. त्यात प्रवाशानं रद्द केलेल्या काही ट्रिपा माझ्या नावावर पडलेल्या दिसल्या. ओळीवर बोट ठेवून लिहिलं, तेव्हा कुठे माणसाचं उत्तर आलं आणि खातं सुरू झालं. नुकसान कोणी भरून दिलं नाही.

ॲम्स्टरडॅमच्या अपील कोर्टानं एप्रिल २०२३ मध्ये उबर आणि ओलाच्या चालकांच्या दाव्यांत अशी माहिती मागायचा चालकांचा हक्क उचलून धरला होता. खातं बंद करण्याआधी 'आमच्या माणसानं तपासलंय' असं कंपनी म्हणत होती, पण काही प्रकरणांत ती तपासणी कोर्टाला नुसती नावापुरती वाटली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात तर खातं बंद करण्याचा निर्णय माणसानंच घ्यावा असं आहे, आणि चालक कर्मचारी आहे हे गृहीत धरायची तरतूदही. सदस्य देशांना ते आपापल्या कायद्यात आणायला मुदत २ डिसेंबर २०२६ ची.

दुसरीचावी

माझी गाडी स्वतःची नाही. एका मालकाच्या गाड्या ॲपला अटॅच आहेत, मी त्यातली एक चालवतो. कंपनी म्हणते मालकाशी बोला, मालक म्हणतो ॲपशी बोला. वरच्या सगळ्या निकालांत माझ्यासारख्याचं काय? काळाकोटसाहेब, वेळ मिळाला तर लिहा.

काळाकोट

दुसरीचावी, मधला माणूस आला की प्रकरण अवघड होतं, संपत नाही. पैसे कोणाच्या खात्यातून येतात आणि कामाच्या सूचना कोण देतं याचे पुरावे वेगवेगळे ठेवा. मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. 'आज एवढा धंदा झालाच पाहिजे' हा एक मेसेजसुद्धा नियंत्रणाचा पुरावा म्हणून मांडता येतो.

हॉर्नओके

आम्ही काही जणांनी मिळून एक दिवस ॲप बंद ठेवलं होतं. दर वाढला नाही, पण एकमेकांचे नंबर मिळाले. संघटना करायला गेलो तर नवीनच पेच. कामगार असाल तर एकत्र येऊन दर मागणं हा हक्क. स्वतंत्र धंदेवाले असाल तर एकत्र येऊन दर ठरवणं म्हणजे स्पर्धा कायद्याचा भंग होऊ शकतो! अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरानं २०१५ मध्ये चालकांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क दिला, तो या मुद्द्यावर कोर्टात अडकला आणि २०१८ मध्ये अपील कोर्टाचा निकाल शहराच्या विरोधात गेला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये तोच हक्क राज्याच्या कायद्यानं दिला. युरोपीय आयोगानं २०२२ मध्ये एकट्यानं काम करणाऱ्यांना यातून सूट देणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

आमच्यात सध्या पहिली मागणी कोणती यावर वाद चालू आहे. तरुण पोरं म्हणतात किलोमीटरचा दर. मी आणि जुने दोघे-तिघे म्हणतोय की आयडी बंद करण्याआधी लेखी कारण आणि माणसासमोर सुनावणी. बैठकीला पुढे येऊन बोलणाऱ्याचीच आयडी आधी जाते असं सगळ्यांना वाटतं, म्हणून निवेदनावर सही कोणी पहिली करायची तेही अजून ठरलेलं नाही. कुठे गोलाकार सह्या घेऊन, म्हणजे पहिली सही कोणाची ते कळू नये असं, निवेदन दिलं असेल तर कळवा, आम्ही तसंच करू.