पर्ल हार्बरनंतर एकटीच 'नाही' म्हणणारी जॅनेट रँकिन, नक्की काय प्रकरण आहे हे?

शंकासुर:
मंडळी, एक कोडं सुटत नाहीये म्हणून धागा काढतोय. ८ डिसेंबर १९४१, अमेरिकेच्या पर्ल हार्बर नौदल तळावर जपानचा हल्ला होऊन एकच दिवस झालेला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचं ते गाजलेलं भाषण झालं आणि जपानविरुद्ध युद्ध पुकारायचं मतदान हाउसमध्ये (म्हणजे अमेरिकी संसदेच्या, काँग्रेसच्या, खालच्या सभागृहात) ३८८ विरुद्ध १. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, तर ८२-०. तो 'एक' म्हणजे मोंटानाची रिपब्लिकन खासदार जॅनेट रँकिन. इथपर्यंत ठीक आहे, शांततावादी होती, मान्य. पण तीनच दिवसांनी जर्मनी आणि इटलीविरुद्ध मतदान आलं तेव्हा बाईंनी 'नाही' म्हटलंच नाही, नुसती 'हजर' अशी नोंद केली, म्हणजे ना बाजूने ना विरोधात. हे काय? लोकांनी झोडपल्यावर टरकली का? आणि १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाला विरोध करणारीही हीच, म्हणजे आयुष्यात दोनदा निवडून आली आणि दोन्ही वेळेस पुढ्यात युद्धच, काय नशीब म्हणायचं. जाणकारांनी उजेड पाडावा.

मीअनुजा:
टरकली हे अजिबात पटत नाही. टरकणारी असती तर ८ तारखेलाच गप्प बसली असती, तशी सोय होती की तिला. सहकारी खासदार एव्हरेट डर्कसन स्वतः येऊन विनवत होते की बाई निदान 'हजर' म्हणा, तरी ऐकलं नाही. त्याआधी सभापती सॅम रेबर्न तिला बोलूच देत नव्हते, ही उभी राहायची आणि ते दुर्लक्ष करायचे. शेवटी आपलं नाव पुकारल्यावर म्हणाली की बाई असल्यामुळे मी लढायला जाऊ शकत नाही आणि दुसऱ्या कुणाला पाठवायलाही माझा नकार आहे. मग जो काही गदारोळ झाला त्यात तिला टेलिफोन बूथमध्ये शिरून बसावं लागलं, तिथून कॅपिटॉलच्या (संसद भवनाच्या) पोलिसांनी सोडवून ऑफिसात पोचवलं. सख्ख्या भावाची, वेलिंग्टनची तार आली की मोंटाना शंभर टक्के तुझ्या विरोधात आहे. आणि हा भाऊ म्हणजे तिच्या प्रचारामागचा पैसा आणि डोकं, दोन्ही!

आता तुमचा मुख्य मुद्दा. याचं उत्तर १९४१ मध्ये नाही, १९१७ मध्ये आहे. एप्रिलमध्ये तिने जर्मनीशी युद्धाला 'नाही' म्हटलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध ठराव आला तेव्हा याच बाईने बाजूने मत दिलं, हे फार कुणी सांगत नाही. तिचं म्हणणं असं की युद्ध हा मूर्खपणाच आहे, पण आपण त्यात आधीच उतरलोय, हा ठराव म्हणजे आता निव्वळ तांत्रिक बाब. तेव्हा विरोधात एकच मत पडलं ते न्यूयॉर्कच्या समाजवादी मेयर लंडनचं. म्हणजे तिचा खरा हट्ट उंबरठ्यावरचा होता, युद्धात उतरायचं की नाही इथे. एकदा उतरल्यावर ती आडवी पडत नव्हती, युद्धकर्जाच्या रोख्यांनाही तिने पाठिंबा दिला होता. म्हणून ११ डिसेंबरचं 'हजर' मला घूमजाव वाटत नाही, उलट जुन्याच हिशोबात बसतं. आता कुणी म्हणेल की ही मनाची समजूत आहे, तर म्हणोत.

टिवल्याबावल्या:
बाळबोध शंका. अमेरिकेत बायकांना मताधिकार मिळाला १९२० मध्ये ना? मग ही १९१६ मध्ये निवडून कशी आली??

जुनापुराणा:
@टिवल्याबावल्या, १९२० मध्ये मिळाला तो देशभर, राज्यघटनेच्या १९व्या दुरुस्तीने. पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांनी आधीच देऊन टाकला होता. मोंटानाने १९१४ मध्ये दिला आणि तो मिळवून देण्यात ह्याच बाईचा मोठा हात. जन्म १८८०, मिझूलाजवळच्या रँचवरची मुलगी, जीवशास्त्राची पदवी, मग काही काळ समाजकार्य, ते सोडून मताधिकाराच्या चळवळीत. १९११ मध्ये मोंटानाच्या विधिमंडळापुढे जाऊन भाषण ठोकलं, त्याआधी तिथे कुठली बाई बोललीच नव्हती. त्यामुळे १९१६ ला उभी राहिली तेव्हा राज्यभर ओळख आणि कार्यकर्त्या तयारच होत्या.

पण त्यातली खरी गंमत मतदारसंघाची आहे. तेव्हा मोंटानाला दोन जागा होत्या आणि दोन्ही अख्ख्या राज्यातून निवडल्या जायच्या, प्रत्येक मतदाराला दोन मतं. म्हणजे पहिली पसंती नसलात तरी 'दुसरं मत बाईला देऊ' म्हणणारे लोक कामाला यायचे. ती दुसऱ्या क्रमांकावर आली आणि काँग्रेसमधली पहिली बाई झाली. मग १९१७ मध्ये राज्याचे दोन भाग पाडले, पूर्व आणि पश्चिम, आणि ही सापडली पश्चिमेत, जिथे डेमोक्रॅट भारी. आता हा योगायोग समजायचा असेल तर समजा बापडे.

वर तिने अॅनाकोंडा कॉपर या बड्या खाण कंपनीशी पंगा घेतलेला. जून १९१७ मध्ये मोंटानातल्याच ब्यूटच्या खाणीत आग लागून १६८ माणसं गेली, त्यानंतर संप झाला आणि ही उघडपणे कामगारांच्या बाजूने उभी राहिली. त्या काळच्या मोंटानात कंपनीच्या विरोधात जाणं म्हणजे काय ते विचारू नका, वर्तमानपत्रंसुद्धा कंपनीच्याच मुठीत. त्यामुळे 'युद्धविरोधी मत दिलं म्हणून पडली' ही गोष्ट अर्धीच आहे. आपल्या मतदारसंघात जमणार नाही हे दिसल्यावर १९१८ मध्ये सिनेटला उभी राहिली, रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) हरली, मग नॅशनल पार्टी नावाच्या छोट्या पक्षाकडून लढून तिसरी आली.

आणि हो, एप्रिल १९१७ च्या त्या मताला ती एकटी नव्हती हेही लोक विसरतात. ३७३ विरुद्ध ५०. ते ४९ पुरुष कुणाला आठवत नाहीत, पण पेपरात बातमी काय, तर बाई रडली! तेव्हाचा सहकारी खासदार फिओरेल्लो ला ग्वार्डियाला विचारलं तर तो म्हणे म्हणाला होता की माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला काय दिसणार. मताधिकाराच्या चळवळीतल्या बऱ्याच बायकाही चिडल्या होत्या, म्हणे हिच्यामुळे आपल्या सगळ्यांचं नुकसान होणार. पण पुढे जानेवारी १९१८ मध्ये मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवर हाउसमध्ये चर्चेला सुरुवात हिनेच केली आणि ठराव २७४-१३६ ने पास झाला. सिनेटमध्ये अडकला, ते वेगळं.

कोरा_कागद:
सगळं वाचलं, छान आहे, पण जरा आरती आवरा. १९१७ समजू शकतो, त्या युद्धात अमेरिकेने पडायची गरज होती का यावर आजही भांडण होतं. पण १९४१? जपानने बॉम्ब टाकून तुमची जहाजं बुडवली आणि तुम्ही म्हणता मी कुणाला पाठवणार नाही? मग करायचं काय होतं ते तरी सांगायचं. शिवाय पुढच्या वर्षी तिने काँग्रेसच्या नोंदीत निवेदन घातलं की रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी आर्थिक कोंडी करून जपानला डिवचलं. हे सरळसरळ जे संशयी लोक म्हणत होते तेच. हिटलर समोर असताना असला नैतिकपणा परवडत नाही, आणि बाकीच्या ३८८ जणांच्या जिवावर ही स्वतःचे हात स्वच्छ ठेवू शकली हेही खरंच की.

मीअनुजा:
@कोरा_कागद तो शेवटचा मुद्दा जोरदार आहे, त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. ठराव एका मताने पडणार असता तर तिने काय केलं असतं, हा प्रश्न मलाही पडतो. पण हिटलरबद्दल मऊ होती असं कुणी सुचवत असेल तर साफ चूक. १९४० मध्ये तिने रिपब्लिकन प्रायमरीत ज्याला घरी बसवलं तो जेकब थॉर्केल्सन उघड उघड ज्यूद्वेष्टा खासदार होता. साठीतली बाई गावोगावच्या हायस्कुलांत जाऊन पोरांशी बोलत फिरली आणि जिंकली. आणि १९४१ च्या मतानंतर आपली कारकीर्द संपली हे तिला पक्कं माहीत होतं, १९४२ ला उभीच राहिली नाही.

शंकासुर:
धन्यवाद सगळ्यांना, ऑस्ट्रिया-हंगेरीचं मत मला खरंच माहीत नव्हतं, त्याने चित्र बरंच बदललं. तरी कोरा_कागद यांच्याशी मी निम्मा सहमत. त्यानंतर तिने काय केलं? आणि २००१ मध्ये ९/११ च्या हल्ल्यानंतरच्या मतदानात खासदार बार्बरा ली एकटीच विरोधात गेली होती ती तुलना कितपत बरोबर?

जुनापुराणा:
नंतर बरीच भटकली. १९४६ ते १९७१ मध्ये सात वेळा भारतात येऊन गेली, गांधींच्या मार्गाचं आकर्षण होतं. एरवी जॉर्जियात अगदी साधं राहणं. १९६८ च्या जानेवारीत वयाच्या ८७ व्या वर्षी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये काही हजार बायकांचा मोर्चा नेला, मोर्चाचं नावच जॅनेट रँकिन ब्रिगेड. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात वारली.

बार्बरा लीची तुलना आकड्यापुरती बरोबर, ४२० विरुद्ध १. पण तो ठराव अमुक देशाविरुद्ध युद्ध पुकारायचा नव्हताच, राष्ट्राध्यक्षाला बळ वापरायची मोकळीक देणारा होता आणि लीचा आक्षेप नेमका त्या मोकळिकीवर होता. शिवाय लीच्या मागे ऑकलंडसारखा डावीकडे झुकलेला मतदारसंघ होता, धमक्या आल्या तरी लोकांनी तिला पुन्हा पुन्हा निवडून दिलं, जानेवारी २०२५ पर्यंत ती हाउसमध्ये होती. रँकिनला दोन्ही वेळेस एकच टर्म मिळाली. 'हात स्वच्छ ठेवले' म्हणणाऱ्यांनी हाही हिशोब मांडावा.

कोरा_कागद:
मांडला. तरी माझं मत ३८८ मध्येच :)