सीसी मोजून एसयूव्ही घेणं आता सोडा

गंगापूररोडकर:
शोरूममध्ये काका लोकांचा पहिला प्रश्न अजून तोच, "इंजिन कितीचं?" दीड लिटर (म्हणजे १५०० सीसी) ऐकलं की माना डोलतात. एक लिटर ऐकलं की "एवढ्याशा इंजिनावर एवढी गाडी?" म्हणत पुढच्या गाडीकडे वळतात. माझं मत सरळ मांडतो, मग तुटून पडा. चार-पाच जणांच्या नाशिककर कुटुंबाने नवी छोटी एसयूव्ही घेताना बिनटर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो नसलेलं) दीड लिटर पेट्रोल घेऊ नये. छोटं टर्बो घ्यावं.

आधी पैशाचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल असेल तर १५०० पर्यंत) असलं की जीएसटी १८ टक्के. यातली एक अट जरी मोडली की थेट ४०. अधलंमधलं काही नाही. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० टक्के. व्हेन्यूचं टर्बो ९९८ सीसीचं, म्हणून १८. करापूर्वी आठ लाखांची गाडी धरा, फरक १ लाख ७६ हजारांचा पडतो. आरटीओचा टॅक्सही किमतीच्या टक्क्यात असतो, तोही त्याच हिशेबाने फुगतो.

एवढं देऊन ताकद तरी जास्त मिळते का? नाही! ब्रेझाच्या त्या दीड लिटरचा टॉर्क (गाडी ओढायचा जोर) १३७ एनएम, तोही ४४०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). एक लिटर टर्बोचा १७२, आणि तो १५०० पासूनच मिळतो. कसारा घाटात ट्रकमागे अडकल्यावर ४४०० पर्यंत इंजिन किंचाळवायला कोणाला आवडतं? शिवाय आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास राहतो. बिनटर्बो इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. टर्बो हवा दाबून आत घेतो, त्याला या उंचीवर फारसा फरक पडत नाही.

पाथर्डीफाटा_४२२०१०:
भाऊ, ब्रोशर छान वाचलंत. आता रोजच्या रस्त्यावर या. संध्याकाळी द्वारका चौकात नाहीतर इंदिरानगरच्या बोगद्यापाशी गाडी मुंगीच्या चालीने सरकते, तेव्हा इंजिन हजार-बाराशे आरपीएमला असतं. तुमचा टर्बो तेव्हा झोपलेला. त्या वेगात दीड लिटर जास्त गुळगुळीत चालतं, कारण सिलिंडर चार आणि मुळात सीसी आहे. तुमचं एक लिटर तीन सिलिंडरचं, सिग्नलला उभं राहिलं की थरथर सीटपर्यंत येते. त्यात ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स घेतलात तर असल्या सरकत्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत डॅशबोर्डवर इशारा आला आणि भर चौकात बाजूला घेऊन थांबावं लागलं. कंपनीचं नाव घेत नाही.

मी गाडी दहा-बारा वर्षं वापरणारा माणूस. टर्बो, इंटरकूलर, त्याचे होस, हाय प्रेशर पंप, हे सगळं म्हातारं झाल्यावर खर्च कोणाच्या खिशातून? करात वाचलेले पैसे तिथे जातील.

निफाडचा_बागायतदार:
तुम्ही दोघं पेट्रोलवर भांडा. वरच्या भावाने स्वतःच लिहिलंय की चार मीटरच्या आत दीड लिटर डिझेलही १८ टक्क्यातच बसतं. मग एवढी चर्चा कशाला? महिंद्राच्या थ्रीएक्सओचं डिझेल १४९७ सीसी आणि ३०० एनएम. वर गाडी आपल्याच नाशिकच्या कारखान्यात बनते. निफाडहून वाशी मार्केटला पहाटे निघतो, पाच माणसं आणि डिकीत क्रेट, घाटात एसी बंद करायची वेळ येत नाही. आरटीओला डिझेलचा टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त लागतो, हे खरंय. माझं रनिंग इतकं आहे की तो कधीच वसूल झाला.

गंगापूररोडकर:
@निफाडचा_बागायतदार अण्णा, तुमचं रनिंग आहे म्हणून जमतं. माझ्यासारखा माणूस गंगापूर रोडवरून कॉलेज रोडला आणि परत. बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी हायवेला सलग पंधरा-वीस मिनिटं पळवावी लागते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला दिवा लागला की घोटीपर्यंत चक्कर मारायची का?

@पाथर्डीफाटा डीसीटीचा मुद्दा मान्य, म्हणून मी मॅन्युअल सांगतो. पण "टर्बो टिकत नाही" हे जुनं झालं. डिझेल गाड्यांना किती वर्षांपासून टर्बो आहे? त्या लाखो किलोमीटर चालल्याच ना. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि वेळेवर घाला, घाट चढून आल्यावर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवा. एवढं केलं की झालं.

सातपूर_शॉपफ्लोअर:
दोन्हीकडे अर्धवट हिशेब चाललाय. टॉर्कचा आकडा हे सगळं चित्र नाही. आपल्याच गावच्या थारचं घ्या. दीड लिटर डिझेलला ३०० एनएम, २.२ लिटरलाही ३०० एनएम. मग २.२ कशाला बनवतात? दीड लिटरचा तो ३०० आकडा १७५० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो, २.२ चा १६०० ते २८०० मध्ये. गिअर कमी बदलावे लागतात, चढावर मध्येच दम सुटत नाही. सीसीचा उपयोग तिथे दिसतो. म्हणून "सीसी बघू नका" हे मला पटत नाही. सीसीसोबत पट्टा बघा.

फक्त त्याची किंमत मोजायची तयारी हवी. नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, त्याच्या वर २४,५९६. जीएसटी ४० टक्के. जंगलातल्या चिखलात जाणार नसाल तर २.२ चा हट्ट कशाला, हे मी कारखान्यात कामाला असूनही सांगतो.

चार मीटरच्या वरचा विचार असेल तर गणित आणखी वेगळं. क्रेटाचं साधं (बिनटर्बो) दीड लिटर ११५ पीएस (इंजिनाची ताकद) आणि १४४ एनएम, तेच दीड लिटर टर्बो १६० पीएस आणि २५३ एनएम. सीसी जवळपास सारखी, करही सारखाच ४० टक्के. गंमत म्हणजे कंपनीने सांगितलेलं मायलेज टर्बो डीसीटीचं १८.४ आणि साध्या मॅन्युअलचं १७.४. इथे करवाला मुद्दा गळून पडतो, उरतो तो गाडीच्या किमतीतला फरक आणि तुमचा उजवा पाय.

पाथर्डीफाटा_४२२०१०:
उजवा पाय! हेच म्हणत होतो. टर्बोचं ते मायलेज चाचणीतलं. समृद्धीला १२० ची मर्यादा आहे म्हणून इगतपुरीहून सुसाट निघालात की छोटं टर्बो जास्त पेट्रोल ओढतं, कारण त्या वेगाला ते सतत दाबाखाली असतं. त्यात आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, ते वेगळंच.

गंगापूररोडकर:
ई२० तुमच्या दीड लिटरलाही तेवढंच लागतं, भाऊ.

इंदिरानगरची_सारथी:
मी रोज गाडी चालवते, म्हणून थोडं बोलते. दादा, तुमचा कराचा मुद्दा वाचायला बरोबर आहे, पण शोरूममध्ये त्याचं काय होतं बघा. "१८ टक्केवाली दाखवा" म्हटलं की सेल्समन टर्बो दाखवत नाही. १.२ लिटर बिनटर्बो दाखवतो, कारण ती सगळ्यात स्वस्त. व्हेन्यूतलं ते इंजिन ८३ पीएस आणि ११४ एनएमचं. शहरात मुलांना शाळेत सोडायला उत्तम. सासू-सासरे, दोन मुलं, पाच माणसांचं सामान आणि वणीच्या गडाचा घाट म्हटलं की पहिल्या-दुसऱ्या गिअरची कसरत. पेठ रोडला एकेरी पट्ट्यात ट्रकला ओव्हरटेक करताना समोरून एसटी दिसते, आणि गाडी उचलत नाही. तिथे वाचलेल्या जीएसटीचं काय करायचं?

म्हणजे तुमच्या सल्ल्यात "छोटं" नको, "टर्बो" हा शब्द ठळक हवा. पैसे तेवढे नसतील तर दीड लिटर साधं हे १.२ साध्यापेक्षा कधीही बरं, ४० टक्के कर धरूनही.

आणि टेस्ट ड्राइव्हला सेल्समन कॉलेज रोडवर एक फेरी मारून आणतो, त्यातून काही कळत नाही. घरचे पाचही जण बसवा, एसी पूर्ण ठेवा आणि चढाचा रस्ता मागा. नाही म्हणाला तर दुसऱ्या डीलरकडे जा.

गंगापूररोडकर:
ताई, १.२ बिनटर्बोची शिफारस मी केलीच नव्हती, पण तुमचं म्हणणं रास्त आहे, १८ टक्क्यांच्या रांगेत तीच पुढे उभी असते. तिच्यापेक्षा मीही दीड लिटर घेईन. टर्बो परवडत असताना मात्र दीड लिटर साधं नाही, यावर ठाम.

निफाडचा_बागायतदार:
डिझेल घ्या हो, घोटीची चक्करही होईल.

पाथर्डीफाटा_४२२०१०:
मीही ठाम. टर्बो घेणाऱ्यांनी एवढं करा, एक्स्टेंडेड वॉरंटीच्या कागदात टर्बोचार्जर आणि इंजेक्टर धरलेत की नाहीत, ते बुकिंगआधी डीलरकडून लिहून घ्या. तोंडी "सगळं कव्हर आहे सर" चालत नाही.