रोज फोंडा-पणजी आणि रविवारी सत्तरीची माती: कुठली गाडी?

तुम्ही लिहिलंय की उंची साडेपाच फूट, रोज फोंडा-पणजी, रविवारी गोव्यातल्याच सत्तरी तालुक्याच्या कच्च्या वाटा, आणि मन रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आणि हिरोची एक्सपल्स २०० या दोन मोटरसायकलींत अडकलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी इंजिनाच्या ताकदीवरच चर्चा केलीय. माझं मत वजनावर ठरतं.

गेल्या पावसाळ्यात वाळपईच्या पुढे एका बागायतीच्या वाटेवर चिऱ्याच्या दगडावर शेवाळ होतं. पुढचं चाक सरकलं आणि गाडी आडवी. जड गाडी, मी एकटा, पायाखाली तांबडा चिखल. दोनदा उचलली, दोनदा परत घसरली. शेवटी माडाच्या बागेतल्या एका काकांनी हात लावला, तेही हसत हसत. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो आहे, एक्सपल्स १६० च्या आसपास. हे छत्तीस किलो कागदावर काही वाटत नाहीत, चिखलात वाटतात!

सीटची उंची दोन्हीकडे ८२५ मिमीच्या आसपास, त्यामुळे शोरूममध्ये बूट घालूनच बसून बघा. दोन्हींचं पुढचं चाक २१ इंची, खड्ड्यांना उत्तम. हायवेवर एक्सपल्स दमते हे खरं, पण फोंडा-पणजी ट्रॅफिकमध्ये तुम्हाला शंभरीचा वेग मिळणार कुठे? महिन्यातून दोनदा चोर्ला घाट चढून बेळगावला जात असाल, मागे माणूस बसवून, तर मात्र हिमालयनच घ्या.

आणि हो, म्हादई किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यात वाट दिसली म्हणून गाडी घालू नका, आधी वनखात्याला विचारा. एक्सपल्स घेतलीत तर पंक्चरचं सामान आणि जादा ट्यूब सोबत ठेवा.