लाडक्या बहिणीचे पैसे ‘पडले’ म्हणायलेत, पण आईचं पासबुक कोरं

धारूरकर_९१
मंडळी, आम्ही बीड जिल्ह्यातले, धारूर तालुका. आईचा लाडकी बहीणचा अर्ज मंजूर आहे. अंगणवाडीताई म्हणायल्या पैसे पडले. तालुक्याच्या शाखेत पासबुक भरून आणलं तर एक एंट्री नाही. शाखेतले म्हणतात, “आधार जोडलेलं आहे, आमच्याकडून काही बाकी नाही, वरून बघा.” वरून म्हणजे नेमकं कुठून?

दुसरी अडचण अशी की गावातल्या बँक मित्राच्या मशीनवर आईचा अंगठा येतच नाही. दरवर्षी कारखान्याला तोडीला जाते. कोयत्यानं आणि पाचटानं बोटाच्या रेषा राहिल्यात कुठं. शाखेत जायचं म्हणलं की दिवसाची मजुरी बुडाली. मोबाईल बँकिंग करा म्हणणारे लई भेटले, पण तिच्याकडे बटनाचा फोन आहे. जाणकारांनी सांगावं.

औसा_रोड
माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघ, म्हणजे आईच्या आधारवरचे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जातात ते कळेल. दोन मिनिटांचं काम आहे. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, तो फोन जवळ ठेव.

रिटायर_कॅशियर_परभणी
वरच्यांनी बरोबर सांगितलं. पण बाळा, तिथं काय दिसणार आणि का, ते समजून घे. नाहीतर शाखेत परत तेच ऐकून येशील.

खात्याला आधार जोडणं हे शाखेचं काम, आणि ते झालेलं असेलही. योजनेचे पैसे मात्र तुझ्या खाते नंबरावर येतच नाहीत. एनपीसीआय म्हणजे बँकाबँकांतले पैसे इकडून तिकडे पाठवणारी संस्था, तिच्याकडे एक मॅपर, म्हणजे यादी, असते. या आधारचे पैसे या बँकेला द्या, एवढीच त्यात नोंद. खाते नंबरसुद्धा नाही. एका आधारला एकच बँक. नंतर दुसऱ्या बँकेनं नोंद केली की आधीची गळाली. आईची तीन खाती आधारला जोडलेली असतील, अर्जाला कुठलंही पासबुक लावलेलं असेल, पैसे जाणार मॅपरमधल्या बँकेत.

आता आईला विचार, कधी सिमकार्ड घेताना मशीनवर बोट ठेवलं होतं का? २०१७ साली लाखो लोकांची गॅस सबसिडी अशीच एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत जाऊन पडली होती. खातं उघडलंय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. डिसेंबरात आधार प्राधिकरणानं त्या कंपनीचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, थांबवलं, तेव्हा बोभाटा झाला.

मी हैदराबाद बँकेतला माणूस. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली, तरी आमच्याकडची जुनी माणसं शाखेला अजून ‘हैदराबाद बँक’च म्हणतात. आमच्या वेळी अंगठेवाल्या खातेदाराला जातीनं यावं लागायचं, पासबुकावर फोटो, शिवाय ओळखीचा साक्षीदार. बाजाराच्या दिवशी बायाबापड्या पितळी टोकन मुठीत धरून दुपारपर्यंत बसायच्या. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. लेजरचा ताळा लागेना म्हणून दिवेलागणीनंतरही आम्ही तिथंच. एक मात्र खरं, चूक झाली तर लेजरचं पान उघडून दाखवता यायचं. आता शाखेतल्या पोराच्या स्क्रीनवर त्याच्याच बँकेचं खातं दिसतं. पैसा दुसऱ्या बँकेत उतरला तर त्याला कसा दिसावा? म्हणून तो ‘वरून बघा’ म्हणतो. टाळाटाळ करतो असंच काही नाही.

तू असं कर. स्टेटसमध्ये दुसरी बँक निघाली तर आईला घेऊन शाखेत जा आणि ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा संमती अर्ज भर. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. आधीची बँक कोणती ते त्यात लिही. पोच घेतल्याशिवाय उठू नको. पुढचे हप्ते इथं येतील. आधीचे आहेत तिथंच राहतील, ते काढून आणावे लागतील.

बँकमित्र_हदगाव
अंगठ्याचं मी सांगतो. अंगठाच लावला पाहिजे असं कुणी सांगितलं? आधारला दहाही बोटांची नोंद असते. आमच्याकडं कापूस वेचणाऱ्या, तोडीला जाणाऱ्या बायांना मी करंगळी नाहीतर तिच्या शेजारचं बोट लावायला सांगतो, तेही कमी कामाच्या हाताचं. हात धुऊन, कोरडे करून, खोबरेलाचा थेंब चोळून पुसून टाकायचं. बऱ्याचदा येतं. नाहीच आलं तर आधार केंद्रात बोटं नव्यानं नोंदवून घ्या. काही बँकांचं आता चेहरा दाखवूनही होतं. पोस्टमनकडंही हीच सोय असते, तो घरी येऊन पैसे देतो.

एक लक्षात ठेवा. “आलं नाही, परत लावा” असं कुणी म्हणलं तर आधी बॅलन्स विचारा, मग दुसऱ्यांदा बोट ठेवा. आमच्यातही चार जण तसले आहेत. एका वेळी १०,००० च्या वर निघत नाहीत, आणि पावती हा तुमचा हक्क आहे. खात्यातून कापले पण मशीनवर व्यवहार फसला, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानं पाच दिवसांत परत यायला पाहिजेत. पुढं रोजचे १०० रुपये भरपाई.

धारूरकर_९१
काका, तुम्ही म्हणलात तेच निघालं. सीडिंग एका पेमेंट बँकेत. सिम घेताना दुकानदारानं बोट ठेवायला लावलं होतं, एवढंच आईला आठवतंय. ओटीपीला घोळ झाला, आधारला नंबर मामाचा होता, मामा पुण्याला. शेवटी फोनवर विचारून घेतला. आता आधी तिकडचे पैसे काढू का आधी शाखेत अर्ज देऊ? आणि ते खातं लगेच बंद करून टाकू का?

रिटायर_कॅशियर_परभणी
आधी काय, नंतर काय, फरक पडत नाही. पैसे काढताना बँक मित्राला मशीनवर त्या पेमेंट बँकेचं नाव निवडायला सांग. तुमच्या नेहमीच्या बँकेचं निवडलं तर तिथली शिल्लक दिसेल आणि तू म्हणशील पैसेच नाहीत. खातं मात्र लगेच बंद करू नको. बदल व्हायच्या आत एखादा हप्ता तिकडं निघाला तर अडकेल. आपल्या पासबुकात एक हप्ता उतरलेला दिसू दे, मग कर बंद. आणि वडिलांच्या नावावर जमीन असेल तर त्यांचंही स्टेटस बघून घे, पीएम किसानचे दोन हजारसुद्धा त्याच मॅपरवरून येतात.