मदत हवी आहे: घामातलं लॅक्टेट प्रकाशाने मोजताना रीडिंग सरकतंय

कागदी पॅचवर लॅक्टेट ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही दोन एन्झाइम आणि टीएमबी (रंग बदलणारं रसायन) वाळवलंय. घामातल्या लॅक्टेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, त्याने टीएमबी निळं पडतं. तो निळा रंग ६५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, म्हणून एका बाजूला लाल एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड (प्रकाश मोजणारा सेन्सर). टेबलावर तयार द्रावण टाकलं की छान चालतं, हातावर बांधलं की रीडिंग सरकत जातं.

बाहेरचा उजेड असेल म्हणून एलईडी १ किलोहर्ट्झने चालू-बंद करून पाहिला. फरक पडला नाही. माझा संशय दोन गोष्टींवर आहे: त्वचेच्या उष्णतेने एन्झाइमचा वेग बदलतो, आणि कागद भिजत जाईल तसा जास्त प्रकाश आरपार सोडतो.

शेजारी एन्झाइम नसलेला कोरा ठिपका ठेवून दोन्ही रीडिंगचं गुणोत्तर घ्यावं, की दुसरी तरंगलांबी वापरावी? इन्फ्रारेड नको वाटतं, निळं टीएमबी तिथेही शोषतं. कुणी प्रत्यक्ष केलंय का? खूप दिवस अडकलोय, कृपया सांगा.