मदत हवी आहे: इटलीत पुल्याच्या किनाऱ्याने सायकल सहल, सोबत पूर्ण शाकाहारी ताई

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात मी आणि माझी मोठी बहीण इटलीच्या दक्षिणेला, पुल्या भागात आठवडाभराच्या सायकल सहलीला जायचं म्हणतोय. बारीहून निघायचं, एड्रियाटिक समुद्राच्या कडेने पोलिन्यानो आ मारे, मोनोपोली, मग थोडं आत ओस्तुनी, पुढे लेच्चे, ओत्रांतो आणि शेवटी इटलीच्या बुटासारख्या नकाशातलं टाचेचं टोक, सांता मारिया दी लेउका. गाइड बरोबर असतो, सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी जातं. रोजचं अंतर ४० ते ६० किलोमीटर, ओस्तुनी ते लेच्चे जास्त आहे म्हणून तिथे अर्धा टप्पा गाडीने. जेवण बहुतेक दिवशी मास्सेरियात, म्हणजे तिथल्या जुन्या तटबंदीच्या शेतवाड्यांमध्ये. एक दिवस पास्ता हाताने वळायला शिकवतात, त्यावरच ताईचा जीव जडला आहे.

ताई ६१ वर्षांची. नोकरी होती तोवर शाळेत सायकलनेच जायची, आता गिअरची सायकल घेतली आहे आणि गंगापूर धरणापर्यंत आरामात येते-जाते. दमाची काळजी नाही, काळजी जेवणाची आहे. ती मांस-मासे तर सोडाच, अंडंही खात नाही. दूध, लोणी, चीज चालतं. मागे एका टूर कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो, तेव्हा रोज संध्याकाळी बसने गावाबाहेरच्या कुठल्यातरी भारतीय हॉटेलात नेऊन वरण-भात, पनीर वाढायचे. पोट भरायचं, पण व्हिएन्नात लोक काय खातात हे ताईला बाजारातल्या पाट्या वाचूनच कळलं. तिला रांधण्यात अतोनात रस आहे. कुठेही गेली तरी आधी भाजीबाजार गाठते, भाषा येत नसली तरी बायकांना हातवारे करून विचारत बसते. अशा माणसाला पुल्यापर्यंत नेऊन बॅगेतले ठेपले खायला घालायचे, हे माझ्या मनाला पटत नाही.

म्हणून विचारते. तिथल्या लोकांच्याच पानातलं, त्यांच्याच टेबलावर बसून खाता येईल असं ताईसाठी पुरेसं आहे का? टूरवाल्यांना विचारलं तर ‘नो प्रॉब्लेम, व्हेज ऑप्शन आहे’ एवढंच उत्तर येतं. तो ऑप्शन म्हणजे रोज ग्रिल केलेलं वांगं आणि सॅलड असेल तर मला आत्ताच कळायला हवं. दुसरं, ताईसाठी मोटरची मदत असलेली ई-बाईक घ्यावी की साधी, बिनमोटरची हायब्रिड सायकल पुरेल? आणि तिची उंची जेमतेम पाच फूट आहे, तिकडे भाड्याने तिच्या मापाची सायकल मिळते का? तिकडे राहणाऱ्यांनी किंवा जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.

निशिगंध

मृण्मयी, मी नोकरीनिमित्त बारीत राहते आणि घरी आम्ही सगळे शाकाहारी. ताईंना बिनधास्त घेऊन या. इटलीत शाकाहारी माणसाने कुठे जावं असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव पुल्याचंच घेते. इथलं मूळ जेवण शेतावर राबणाऱ्यांचं. मांस सणावाराला, रोजच्या पानात कडधान्य, पालेभाजी, ब्रेड आणि ऑलिव्हचं तेल.

फावे ए चिकोरिये ताईंनी खायलाच हवं. सालं काढलेल्या वाळक्या बाकल्याच्या (वालासारखं एक कडधान्य) बिया इतक्या शिजवतात की पळीने घोटलेल्या वरणासारख्या होतात. शेजारी उकडलेली कडसर चिकोरी, वरून कच्चं ऑलिव्ह तेल, बास. लेच्चेला चिचेरी ए त्रिया मिळेल: छोल्यांबरोबर पास्ता, त्यातला थोडा पास्ता तळून कुरकुरीत करून वर घातलेला. फ्रिसेल्ले म्हणजे दोनदा भाजलेले कडक पाव, ते पाण्यात बुडवून काढायचे आणि वर टोमॅटो, ओरेगानो, तेल. सायकलवरून दमून उतरल्यावर याच्याइतकं बरं काही लागत नाही. बारीच्या फोकाच्चात पिठातच उकडलेला बटाटा असतो, वर टोमॅटो आणि ऑलिव्ह. सकाळी बेकरीतून गरम घ्या आणि वाटेत खा.

ओरेक्किएत्ते हा कानाच्या पाळीच्या आकाराचा पास्ता रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो, अंडं अजिबात नाही. जुन्या बारीत आर्को बास्सो नावाची गल्ली आहे, तिथे बायका दारात टेबल टाकून वळत बसतात. पिठाची लांब वळी, तिचा नखाएवढा तुकडा, तो बोथट सुरीने फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. हात इतका चालतो की डोळा ठरत नाही. टूर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ताईंना सकाळी तिकडे घेऊन जा.

आता सांभाळायच्या गोष्टी. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांस नाही एवढं सगळ्यांना कळतं, पण अँचोव्ही हा छोटा खारवलेला मासा मसाल्यासारखा वापरतात. भाजीच्या पास्त्यात तो तेलात विरघळून जातो, दिसतही नाही. ऑर्डर देताना ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा अच्चूगे, सेंत्सा उओवा’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे मांस, मासे, अँचोव्ही, अंडं काही नको. कागदावर लिहून दिलंत तर उत्तम. सूप असेल तर ब्रोदो, म्हणजे त्याचं मूळ पाणी, कशाचं आहे हे विचारा. लेच्चेचा पास्तिच्चोत्तो सगळेच आग्रहाने देतील, पण आत अंड्याचं कस्टर्ड असतं आणि पारंपरिक कणीक डुकराच्या चरबीत मळतात, तो ताईंना चालणार नाही. त्याऐवजी बर्फ आणि बदामाचं दूध घातलेली लेच्चेची कॉफी घ्या.

चीजचं त्यांना आधीच सांगून ठेवा. पार्मेजान, पेकोरिनो, इथलं काचोरिकोत्ता ही चीजं विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. काही जणांना ते चालतं, काहींना नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवावं, पण टेबलावर बसल्यावर कळायला नको.

आणि वेळा पाळा. दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री साडेसात-आठलाच उघडतात. मधल्या वेळेला ताराल्ली बरोबर ठेवा, छोट्या कडक कड्या असतात, ऑलिव्ह तेल आणि पांढरी वाइन घालून केलेल्या. भाजताना मद्यार्क बहुतेक उडतो, तरी सांगितलेलं बरं.

पेडलपंत

हाच रस्ता मी आणि बायकोने गाइडबरोबर केला आहे. निशिगंध यांनी जेवणाचं सगळं सांगितलंच आहे, मी रस्त्याचं सांगतो.

बारी ते लेच्चे बहुतांश सपाट. ओस्तुनी डोंगरावर आहे, समुद्रापासून साधारण २०० मीटर चढ, तोही दिवस संपता संपता. खरी चढ-उतार ओत्रांतो ते लेउका. साधारण ५० किलोमीटर, रस्ता कड्यावरून जातो, सांता चेझारिया, कास्त्रो अशी गावं लागतात. कोकणात खाडीवरून सड्यावर चढायची सवय असेल तर नवीन काही नाही, पण ऊन आणि दक्षिणेकडून येणारा दमट शिरोक्को वारा एकदम आला तर दम निघतो. उत्तरेचा वारा असेल तर उलट तुम्हाला पाठीमागून ढकलत नेईल.

ताईंसाठी ई-बाईकच घ्या. ताकद नाही म्हणून नव्हे. गटात मागे राहिलं की माणूस दडपणाखाली पेडल मारतो, थांबायचं तिथे थांबत नाही. ताईंना तर वाटेत शेतात काय लावलंय हे बघायचं असणार. युरोपात ई-बाईकची मोटर ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते, त्यामुळे सायकल हातातून पळत नाही. सपाटीला बंद ठेवा, चढाला लावा.

मापाचं आत्ताच मेलवर लिहून घ्या. नुसती उंची कळवू नका, पायाचं आतल्या बाजूचं माप सेंटिमीटरमध्ये द्या आणि खाली उतरत्या दांडीची फ्रेम मागा. ई-बाईक जड असते, थांबताना पाय टेकलाच पाहिजे. अजून एक, तिकडे डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उलटं असतं. पहिल्या सकाळी गाइडला सांगून दोन्ही ब्रेक तपासा आणि मोकळ्या जागेत चार फेऱ्या मारा. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असतं, चौकात वळताना हात सवयीने डावीकडे ओढतो.

लेच्चेच्या खाली गेलात की ऑलिव्हच्या वाळलेल्या बागा दिसतील. २०१३ मध्ये गालिपोलीच्या भागात झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि त्याने लाखो झाडं मारली. त्याच्यावर औषध नाही. शेतकरी तग धरणारी वाणं पुन्हा लावताहेत. ताईंना शेतीत रस असेल तर गाइडला जरूर विचारा, आमच्या गाइडच्या घरची बाग त्यात गेली होती.

वैद्यबुवा

एक महत्त्वाचं. फावे म्हणजे बाकला. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांना बाकला खाऊन तांबड्या पेशी फुटण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. पूर्वी बाकला खाल्लेला नसेल किंवा घरात कुणाला हा त्रास असेल तर जाण्याआधी दोघींनी साधी रक्ततपासणी करून घ्या.

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध, तुमचा प्रतिसाद ताईला फोनवर वाचून दाखवला. रेनेटचं ऐकून ती म्हणाली, चीज सोडते, बाकला आणि फ्रिसेल्ले असताना मला कशाला लागतंय. अँचोव्हीचं तिने वहीत लिहून घेतलं. वाइनच्या ताराल्ली चालतील म्हणाली. वैद्यबुवा, तपासणी याच आठवड्यात करतो.

पेडलपंत, ई-बाईक नक्की केली, मापं उद्या पाठवते. टूरवाल्यांना आता ‘व्हेज ऑप्शन’ऐवजी थेट पदार्थांची नावं लिहून विचारणार आहे: कुठल्या मुक्कामी फावे, कुठे चिचेरी ए त्रिया, पास्ता शिकवतील त्या दिवशी सॉस कशाचा.

आता फक्त व्हिसाचा प्रश्न उरला. ते आगाऊ रक्कम मागताहेत आणि व्हिसा हातात नाही.

पेडलपंत

शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून लवकर करा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच, त्यात सायकलिंगचे अपघात धरलेत का, ते पॉलिसीत वाचून घ्या. पैसे भरण्याआधी ‘व्हिसा नाकारला तर किती परत’ हे टूरवाल्यांकडून लेखी घ्या. आमच्या टूरवाल्यांनी थोडी रक्कम कापून बाकीची परत देण्याचं लिहून दिलं होतं. मुक्कामांची पत्त्यांसह यादीही त्यांच्याकडूनच मागवा, अर्जाला लागते.

मृण्मयी_नाशिक

लगेच मेल करते. ताई विचारतेय, स्वतःची सीट बरोबर नेली तर तिकडच्या सायकलला बसते का? तिची सीट आता तिच्या सवयीची झाली आहे.

पेडलपंत

बसते. सीटखालच्या दोन दांड्यांचं माप बहुतेक सायकलींना सारखंच असतं. फक्त विमानात चेक-इन बॅगेत टाका आणि गाइडला आधी कळवा, तो पहिल्या सकाळी बसवून देईल.