दुखणं फक्त नसेत नसतं

कुणीतरी विचारलंय, जखमी नस (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना वाहून नेणारी चेता) भरून आल्यावरही दुखणं का राहतं? नागीण होऊन, नस दुखावून गेल्यावर माझ्या आईला कित्येक महिने पदराचा नुसता स्पर्शही सोसत नसे, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

२००३ मध्ये संशोधक त्सुदा, इनोउए आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कमरेजवळची नस जखमी करून पाहिली. अशा प्रयोगात नायलॉनचा केसासारखा धागा तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात. धडधाकट उंदीर ढिम्म राहतो, नस दुखावलेला झटकन पाय उचलतो. नस दुखावलेल्या उंदरांच्या मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींवर पी२एक्स४ हे रिसेप्टर (रासायनिक संदेश टिपणारे पेशीवरचे रेणू) वाढले होते. ते अडवल्यावर पाय उचलणं कमी झालं. आणि मायक्रोग्लिया या चेतापेशी नव्हेतच, त्या मेंदू-मज्जारज्जूतल्या पहारेकरी पेशी!

मात्र २०१५ मध्ये दिसलं की मायक्रोग्लिया थोपवून आराम पडतो तो नर उंदरांना. माद्यांमध्ये दुखणं टिकवण्याचं काम बहुधा टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) करतात. इतकी वर्षं बहुतेक प्रयोग नरांवरच झाले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सब्स्टन्स पी या दुखण्याचा संदेश पोचवणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर अडवणारी औषधंही प्राण्यांत चालली, माणसांच्या दुखण्यावर फसली. त्यातलं ॲप्रेपिटंट आज केमोथेरपीतल्या उलट्यांवर देतात.